नाव नसलेले ब्लाउज

७ जुलै, सोमवार

आज असेसरचं प्रशिक्षण सुरू झालं. मॅडमनी पहिल्याच तासाला सांगितलं की प्रत्येकाने रोज टिपण लिहायचं. काय पाहिलं, काय ठरवलं, का ठरवलं. ते टिपण मी तमिळमध्ये, त्यांनी दिलेल्या कागदांवर लिहीन. हे वेगळं आहे. हे आपल्या भाषेत आणि नागरी अक्षरांत. हिंदी सभेच्या परीक्षा दिल्या तेव्हा ही अक्षरं शिकलो होतो. आमच्या घरात सगळे मराठी बोलतात, वाचत कोणीच नाही, त्यामुळे इथे मन मोकळं करायला हरकत नाही.

असेसरचं काम असं: ज्यांना शिवणकाम येतं पण हातात कागद नाही, त्यांची परीक्षा घ्यायची आणि त्यांना काम येतं की नाही ते लिहून द्यायचं. शिकवायचं नाही, मदत करायची नाही, उमेदवाराच्या कापडाला हात लावायचा नाही. फक्त बघायचं. मी अकरावीत शाळा सोडली, पण दहावी पास आणि दुकानातला अनुभव चालतो. हे मी फोनवर दोनदा विचारून घेतलं होतं. आज पोचल्यावर तिसऱ्यांदा विचारलं. विजयलक्ष्मी मॅडम म्हणाल्या, "चालतं म्हटलं ना कार्तिकेय, बसा आता." (त्या तिरुच्चीच्या, तमिळ बोलतात. मी इथे आपल्या भाषेत उतरवतो.)

शिवणकामाचे आम्ही दोघंच. आणि तंजावूरला सध्या एकच असेसर हवा आहे. दोघांतला जो बरा ठरेल त्याला गळ्यात घालायचं ओळखपत्र मिळेल, दुसऱ्याने पुढच्या वर्षापर्यंत थांबायचं.

दुसरा म्हणजे साईराम. पापनाशमचा. अम्माच्या चुलत भावाचा मुलगा, माझ्यापेक्षा लहान, कोइंबतूरला फॅशनचा डिप्लोमा केलेला. पहिल्या सुट्टीतच तो ऑफिसच्या शिपायाबरोबर कॉफी पीत उभा होता आणि दोघं हसत होते. मला अजून संडास कुठे आहे ते विचारायचा धीर होत नव्हता.

९ जुलै, बुधवार

आज एक कागद भरायचा होता. परीक्षेला बसणाऱ्यांपैकी कोणी नातेवाईक किंवा ओळखीचे असतील तर लिहायचं, म्हणजे असेसर आपल्या माणसाला जास्त गुण देणार नाही. यादीत बारा नावं. त्यांत पाच आमच्या मराठी घरांतली. मी प्रत्येकापुढे खरं नातं लिहिलं. सरस्वती, मामाच्या साडूची सून. अंबा, आत्याच्या जावेची मुलगी. पानाची जागा पुरली नाही, मागे लिहिलं.

मॅडम वाचून हसल्या. "राजवाड्याच्या गल्ल्यांतल्या कोणालाच तुम्ही तपासणार नाही तर मग मी उमेदवार काश्मीरहून आणू का?"

साईराम म्हणाला, "मॅडम, आम्ही सगळे एकाच पानात जेवलेली माणसं. मी कोणालाच ओळखत नाही असं लिहिलंय."

त्याला त्या रागावल्या नाहीत. जवळचं नातं तेवढं लिहा, म्हणाल्या. त्याने खोटं लिहिलं आणि मी खरं, तरी हसं माझं झालं.

११ जुलै, शुक्रवार

आज बघण्याचा सराव होता. साईराम उमेदवार झाला आणि मुद्दाम चुकीचं शिवू लागला. मी शेजारी बसून फक्त नोंद करायची. त्याने दोरा चुकीचा ओवला, मी लिहिलं. कापड दाबून धरणारी दाबपट्टी खाली न घेता मशीन चालवायला निघाला, आणि माझा हात आपोआप गेला आणि मी ती पट्टी खाली केली. मुद्दाम नाही. दुकानात मी दिवसभर तेच करतो.

मॅडम म्हणाल्या, "संपलं. उमेदवार पास झाला, असेसर नापास."

मग मी शिवायला बसलो आणि साईरामने बघितलं. मी बाही उलटी लावली. तो मांडीवर हात ठेवून, पाण्यातला मासा बघावा तसा बघत होता. त्याला त्रासच होत नव्हता. मला वाटतं ज्याला कापडाचं काही वाटत नाही तोच असा बसू शकतो. मॅडमनी मात्र त्याला शाबासकी दिली.

१३ जुलै, रविवार

भुवना परीक्षेला बसते म्हणाली. भुवना म्हणजे माझी बायको. तिरुवैयारूची. लग्न होऊन आली तेव्हा तिला सुईत दोरा घालता येत नव्हता, असं मी सांगितलं तर कोणाला खरं वाटणार नाही, पण तसंच होतं. मी शिकवलं. आता ती घरी अम्माच्या मशीनवर शिवते. कागद मिळाला तर घरात शिवणाचा वर्ग सुरू करता येईल म्हणते.

"काय काय बघतात, वाचून दाखवा की," ती म्हणाली. निकष सगळ्यांना खुले आहेत, म्हणून वाचून दाखवले. मापं, कापणी, मुंढ्याचा म्हणजे काखेच्या गोलाईचा आकार, बाहीची बसणी, शेवटी हातशिलाई आणि दोऱ्याचा शेवट पक्का केलेला आहे की नाही.

"शेवट म्हणजे आपला टाका चालेल ना?"

आपला टाका म्हणजे रघुपती मामांचा. मी त्यांच्याच दुकानात काम करतो, कीळवासलला. काठाची हातशिलाई संपली की गाठ मारायची नाही. तीन बारीक टाके उलटे घ्यायचे आणि दोरा दुमडीत ओढून घ्यायचा. ब्लाउज फाटेल पण शेवट सुटणार नाही. मामांनी मला शिकवला, मी भुवनाला. तंजावूरात तो आम्हा तिघांनाच येतो.

मी म्हणालो, "ते लोक आपला टाका ओळखणार नाहीत. सरळ गाठ मार."

"बरं," म्हणाली. तेवढ्यात अंबा आली आणि दोघी आतल्या खोलीत गेल्या. अंबा रोज दुपारी येते. तिचा नवरा सिंगापूरला आहे, तिला वेळ जात नसेल. मध्ये मध्ये मशीनचा आवाज येतो, म्हणजे भुवना गप्पा मारतानाही काम थांबवत नाही. कामसू आहे, हे मी मान्य करतो.

१८ जुलै, शुक्रवार

आडि महिना लागला. लग्नं नाहीत, दुकान थंड. तरी एक बाई पट्टूचा, म्हणजे रेशमी, ब्लाउज घेऊन आल्या. मी माप घ्यायला टेप काढला, तर त्या मामांना म्हणाल्या, "मागच्या वेळी ज्यांनी शिवला त्यांच्याकडेच द्या." मागचा भुवनाने शिवला होता, घरी नेऊन, कारण तेव्हा माझ्याकडे कामं फार होती.

मामा माझ्याकडे बघून म्हणाले, "घरी घेऊन जा रे. अस्की पट्टूची कामं आता तिकडेच देऊ, एकही इथे नको."

दुकानात उजेड कमी आहे. घरी आतल्या खोलीत खिडकी पूर्वेला आहे. पट्टूला उजेड लागतो. मामांचं म्हणणं बरोबर आहे.

आज मन लागत नाही. साईरामचा विचार करतो म्हणून असेल. तो ओळखपत्र घेऊन जाईल आणि मी चाळीस वर्षांचा झालो तरी हुक लावत बसेन, हे सारखं डोळ्यांपुढे येतं.

३ ऑगस्ट, रविवार

आडि पेरुक्कु, कावेरीला पाणी चढल्याचा सण. अम्माला घेऊन तिरुवैयारूला सासुरवाडीला गेलो. कावेरीला पाणी भरपूर. पायऱ्यांवर पानं मांडून चित्रान्नं, म्हणजे तऱ्हेतऱ्हेचे फोडणीचे भात, खाल्ली. भुवनाचं चिंचेचं सगळ्यांत आधी संपलं.

साईराम कुठून तरी बाईकवर आला. बोलावलं अम्माने. "माझ्या भावाचंच पोर की ते," म्हणाली. त्याने अम्माच्या पाया पडून पानावर बसून पहिलं वाक्य काय म्हटलं असेल? "वैनी, तुम्ही मुंढा कसा कापता?"

मग जेवण होईपर्यंत दोघं मुंढ्याविषयी बोलत होते. मी सगळं ऐकलं. तो म्हणाला, कॉलेजमध्ये सगळ्यांना एकच आकार शिकवतात आणि मग काखेत चुणी पडते. ती म्हणाली, पाठीचा मुंढा आणि पुढचा मुंढा वेगळा घ्यायचा, आणि तो बाईच्या खांद्यावरून ठरवायचा, टेपवरून नाही. तिने पानावरच्या भातात बोटाने आकार काढून दाखवला. तो हसला. ती हसली.

"अण्णा, वैनीचा हात बघितलास? कोइंबतूरला असत्या तर यांना प्रोफेसर केलं असतं."

"मीच शिकवलंय," मी म्हणालो.

"हे नाही शिकवलंत," भुवना म्हणाली. "हे माझं मी शोधलं." आणि अम्माला ताक वाढायला उठली.

माणसाने दुसऱ्याच्या बायकोशी पानावर बसून काखेविषयी बोलावं का? परत येताना बसमध्ये मी कपाळ खिडकीला टेकवून बसलो. भुवनाने विचारलं, डोकं दुखतं का? मी हो म्हटलं.

घरी आल्यावर कागदावर पाठीचा मुंढा वेगळा काढून पाहिला. जमला नाही. कागद फाडून टाकला.

१२ ऑगस्ट, मंगळवार

परीक्षा झाली. भुवना माझी बायको आहे हे लिहून दिल्यामुळे मला हॉलमध्ये जाऊ दिलं नाही. आत साईराम होता, मॅडम होत्या. मी शेजारच्या खोलीत खुर्चीवर. भिंतीपलीकडून तेरा मशीनींचा आवाज. त्यांतली भुवनाची कोणती ते ओळखायचा प्रयत्न केला.

मधल्या सुट्टीत साईराम बाहेर आला, डोळे मोठे करून. "अण्णा, काय सांगू!"

"सांगू नकोस," मी म्हणालो. "नियम आहे."

"खरं की," म्हणाला, आणि तोंडावर बोट ठेवून परत गेला. मला न सांगता त्याने सगळंच सांगितलं होतं. त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद होता जणू त्याच्याच बायकोने शिवलं होतं. हे वाक्य लिहून झाल्यावर बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलो. खोडणार नाही.

उद्या दुसरी तपासणी. ती माझी. तयार ब्लाउज नाव न लावता फक्त नंबरांनी येतात. शिवताना बघितलेल्याचे गुण साईराम देतो, शिवून झालेल्या वस्तूचे मी, मॅडम सही करतात; कोण काय तपासतो ते उमेदवारांना सांगायचं नाही. यावरच आम्हा दोघांतला कोण ते ठरणार आहे. मॅडम म्हणाल्या, "कुंभकोणमच्या बॅचचेही काही मिसळलेत. तुमच्या पत्नीचा त्यात असेल, नसेल. कोणताही ओळखला असं वाटलं की गुण द्यायचे नाहीत. बाजूला ठेवायचा, मला सांगायचं. त्यात कमीपणा नाही."

१३ ऑगस्ट, बुधवार

सगळं टेबलावर ओळीने मांडलं. हात धुतले. टेप, सुई, भिंग. पहिले तीन साधे, एकाची बाही ओढलेली. चार नंबर उचलला, काठ उलटा केला, आणि तिथे आपला टाका होता. तीन उलटे आणि दोरा दुमडीत.

भुवनाचा. दुसरं कोणाचं असणार?

मी गाठ मार म्हणून सांगितलं होतं. बरं म्हणाली होती. आणि बसल्यावर स्वतःचंच केलं. मुंढ्यासारखं. माझं ऐकायचं नाही असं तिने ठरवलेलंच दिसतं.

बाजूला ठेवायला हवा होता. मी उचललाही. पण मग विचार केला: बाजूला ठेवला तर मॅडम विचारतील कशावरून ओळखलात, मी टाक्याविषयी सांगेन, आणि त्या म्हणतील वा, काय टाका आहे. मग तो ब्लाउज साईरामकडे जाईल आणि तो दहापैकी दहा देईल. त्यापेक्षा मीच तपासला तर निदान पक्षपात होणार नाही. बायको आहे म्हणून मी एक गुणही जास्त देणार नाही, हे मला माझं पक्कं माहीत आहे. खरं तर तिला तपासायला माझ्याइतका निःपक्षपाती माणूस नाही.

दोऱ्याचा शेवट: गाठ दिसत नाही. दहापैकी दोन. बाहीची बसणी: ठीक, पण ठीकच. सफाई: भिंगाने बघितलं तर एका जागी टीप किंचित वाकडी. भिंग लावलं नसतं तर दिसली नसती, पण भिंग त्यासाठीच असतं.

मग पाच, सहा. मग सात. हा हातात घेतल्यावर बरं वाटलं. मुंढा असा की टांगलेला असतानाच आत खांदा आहे असं वाटावं. हातशिलाईचा शेवट कुठे आहे तेच सापडेना, दुमड उलगडल्यावर आत खसखशीएवढी गाठ. कुंभकोणमच्या बॅचमध्ये दोन पुरुष आहेत असं ऐकलं होतं. शेऱ्यात लिहिलं: पुरुषी, पक्का हात. चांगल्या गुरूकडे शिकलेला. सगळ्यांत जास्त गुण यालाच दिले आणि देताना आनंद झाला. म्हणजे मी कोणावर जळत नाही. ज्याचं चांगलं त्याला मी देतो.

संध्याकाळी मॅडम म्हणाल्या, "शेरे फार व्यवस्थित लिहिलेत. साईरामचं अक्षर मला लागतच नाही." घरी चालत आलो.

१७ ऑगस्ट, रविवार

आवणी महिना लागला. दुकानात लग्नाचे ब्लाउज यायला लागले. भुवना दोनदा म्हणाली, गाठ बरी झाली होती. मी विचारलं, कसली गाठ? ती म्हणाली, "काही नाही, निकाल येऊ दे." मला वाटलं खोटं बोलते, गाठ मारलीच नाही आणि आता मला खूश करायला सांगते. वाईट वाटलं.

२५ ऑगस्ट, सोमवार

सगळं क्रमाने लिहितो.

निकाल लागला. भुवना पहिली आली. फोन तिने मला दाखवला तेव्हा मला समजेना. चार नंबरच्या ब्लाउजवर पहिली कशी येईल? साईरामने त्याच्या बाजूचे गुण भरमसाट दिले असणार, असंच मनात आलं. राग आला. अम्माने गूळ दिला तो तोंडात तसाच राहिला.

दुपारी मी मुद्दाम दुकानातून लवकर आलो. आतल्या खोलीत अंबा जमिनीवर बसली होती, डोळे सुजलेले. ती चार गुणांनी नापास झाली. पापनाशमला शाळेच्या गणवेशांचं युनिट सुरू होतंय, तिथे तिला सुपरवायझर घेणार होते, पण कागद असला तरच, आणि पुढच्या आठवड्यात ते दुसरं माणूस घेणार.

"शिवताना बघितलं त्याचे गुण चांगले आहेत," भुवना म्हणाली. "तयार वस्तूचे कोणीतरी खाल्लेत."

उमेदवारांना ब्लाउज परत मिळाले आहेत. अंबाने पिशवीतून काढून माझ्या मांडीवर ठेवला. "अण्णा, तुम्हीच सांगा, यात काय चुकलंय?"

नंबरची चिठ्ठी अजून टाचलेली होती. चार.

"हा तुझा?"

"मग कोणाचा?"

"हा शेवटचा टाका तुला कोणी शिकवला?"

अंबा भुवनाकडे बघत रडता रडता हसली. "अक्काने. कोण शिकवणार? मी काय दुपारची नुसती गप्पा मारायला येते का इथे?"

दोघी माझ्याकडे बघत होत्या. अम्मा चुलीवरचं सोडून दारात आली. "सांग की रे. असेसर होतोयस ना?"

मी काठ उलटा केला. पालथा केला. बाही बघितली. ती वाकडी टीप शोधली, ती भिंगाशिवाय सापडेना.

"काही चुकलेलं नाही," मी म्हणालो.

"मग असं कसं सोडायचं?" भुवना म्हणाली. अंबाच्या निकालाच्या कागदावर खाली लिहिलं होतं की आठवड्याच्या आत लेखी हरकत घेता येते. "हरकत घेऊ या. साईरामला सांगते, तो लिहून देईल. त्याला तिथलं अस्की माहीत आहे."

"साईराम कशाला?" माझ्या तोंडून निघून गेलं. "त्याच्या तमिळमध्ये ओळीला एक चूक असते. मी लिहितो."

२६ ऑगस्ट, मंगळवार

सकाळी लवकर उठून लिहायला बसलो.

आधी असं वाटलं की साधंसं लिहावं. कृपया पुन्हा विचार करावा, वगैरे. अशा हरकती फेटाळतात. अंबा वर्षाने पुन्हा बसेल. माझ्याबद्दल कोणाला कळणार नाही. असं अर्धं पान लिहिलंसुद्धा.

मग डोळ्यांपुढे आलं की हा कागद ऑफिसात साईराम वाचणार. आणि म्हणणार, हे काय लिहिलंय अण्णांनी, वैनींनी मला सांगितलं असतं तर. ते अर्धं पान मी फाडलं.

दुसरा कागद नीट लिहिला. निकष म्हणतो शेवट पक्का हवा, गाठच हवी असं कुठे म्हणत नाही. तीन उलट टाके गाठीपेक्षा का पक्के, ते लिहिलं. सुईने ओढून बघा, असं लिहिलं. टीप एका जागी वाकडी असल्याचा शेरा आहे, पण नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या दोषांचेच गुण कापायचे हा नियम आहे, त्याचा क्रमांक दिला. तपासणाऱ्याने कुठे कुठे चूक केली ते मला कोणाला विचारावं लागलं नाही. इतकं चांगलं मी आजवर काही लिहिलेलं नाही. दोनदा वाचलं, एकही चूक नाही.

अंबाने खाली सही केली. भुवना म्हणाली, "वाचून दाखवा." दाखवलं. ती म्हणाली, "हे तर तपासणाऱ्याच्या खांद्यावर बसून लिहिल्यासारखं आहे."

२९ ऑगस्ट, शुक्रवार

चतुर्थीच्या सुट्टीनंतर काल ऑफिस उघडलं, हरकत दिली, आज बोलावणं आलं. अंबा, भुवना आणि मी. मॅडमच्या टेबलावर हरकतीचा कागद आणि शेजारी माझे शेरे. साईराम फाईल ठेवायला आला आणि दारापाशी थांबला.

"हे कोणी लिहिलं?" मॅडमनी विचारलं.

अंबाने माझ्याकडे बोट दाखवलं. तिला वाटलं कौतुक आहे.

मॅडमनी दोन्ही कागद एकमेकांवर ठेवले. "तुम्हीच कापले, तुम्हीच भांडताय?"

"हो मॅडम."

"ब्लाउज ओळखला होता?"

"नाही मॅडम," मी म्हणालो. मग म्हणालो, "ओळखला असं वाटलं होतं."

"वाटलं तेव्हाच बाजूला ठेवायचा होता. तेवढंच तर सांगितलं होतं."

"हो."

"कोणाचा वाटला?"

भुवना माझ्या मागे उभी होती. मॅडमनी तिच्याकडे बघितलं आणि पुढे विचारलं नाही. त्यांनी सुई मागवली, अंबाचा काठ ओढून बघितला, पुन्हा ओढला, आणि लाल शाईने नवे गुण लिहिले. अंबा पास. तिने वाकून मॅडमच्या पाया पडायला सुरुवात केली तेव्हा मॅडमनी खुर्ची मागे घेतली.

मला म्हणाल्या, "पुढच्या वर्षी या, कार्तिकेय. नजर आहे तुम्हाला. ओळखपत्र या वेळी साईरामला जाईल."

साईराम म्हणाला, "मॅडम, अण्णांनी स्वतःहून..." त्या म्हणाल्या, "स्वतःहून म्हणूनच पुढच्या वर्षी या म्हटलं."

त्याने माझी बाजू घेतली हे मला आवडलं नाही.

अंबा नवे गुण घेऊन तिथूनच पापनाशमच्या बसला धावली. भुवना आणि मी चालत निघालो. कीळवासलच्या भाजीवाल्यांपाशी आल्यावर तिने पदर खोचला. मग म्हणाली, "माझा समजून दोन दिलेत?"

"हो."

एक सायकल मध्ये आली, आम्ही वेगळे झालो, पुन्हा शेजारी आलो.

"गाठ मार म्हणालात म्हणून मी गाठ मारली होती," ती म्हणाली. "सात नंबर माझा."

मी थांबलो. ती थांबली नाही. मला पाय उचलून तिला गाठावं लागलं. शेऱ्यात काय लिहिलंय ते तिला माहीत आहे का, हे मला माहीत नव्हतं. मग ती पुढे बघतच म्हणाली, "पुरुषी, पक्का हात. निकालाच्या दिवशी साईरामने वाचून दाखवलं. हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं."

"तू हसलीस?"

"नाही," भुवना म्हणाली. "मला वाटलं कोण शहाणा आहे तो."

३० ऑगस्ट, शनिवार

सकाळी ती पाणी भरायला गेली तेव्हा तिच्या ट्रंकेवरून सात नंबरचा ब्लाउज घेतला. खिडकीत उभं राहून काठ उलटा केला. ती खसखशीएवढी गाठ आत कशी नेली ते मला अजून कळत नाही. दोरा कुठून जातो ते दिसतं, पण बाहेर कसा येत नाही ते दिसत नाही. मुंढा कागदावर ठेवून पेन्सिलने काढला. पाठीचा वेगळा, पुढचा वेगळा.

भुवना कळशी घेऊन दारात उभी होती. कधीपासून ते माहीत नाही.

"ही गाठ कशी मारलीस?" मी विचारलं.

ती कळशी खाली ठेवून पदराने हात पुसत म्हणाली, "आत्ता वेळ नाही. दुपारी या. अंबा येते तेव्हा."

रघुपती मामांना पोटात दुखतं सांगून दुकानातून निघालो. अंबा माझ्या आधी येऊन मशीनजवळ बसली होती, खिडकीच्या बाजूला, उजेडात. मी दाराशी बसलो. भुवनाने सुईत दोरा घातला.

आधी अंबाला दाखवलं.